रुमालानं धरलेली जागा

ताई, मालकांना मी अजून सांगितलेलं नाही.

तू गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले. उद्या सकाळी अकराची वेळ घेतली आहे. फोन मीच केला. "काय काम काढलंत?" असं त्यांनी विचारलं, तर "आल्यावर सांगते" म्हणून मोकळी झाले. म्हणजे पळवाट अजून शिल्लक आहे. मला तू ओळखतेस. अकरा वाजेपर्यंत मला पाच सबबी सुचतील आणि पाचही पटतील. म्हणून आज दुपारी ऑफिसचं दार लोटून लिहायला बसले आहे. लिहिलेलं खोडायला माझा हात धजत नाही हे तूच सगळ्यांना सांगायचीस. "म्हणून तर हिचे प्रोग्राम एवढे लांबतात," हेही वर जोडायचीस.

परवा तासगावला तुझ्या घरी जलदानविधीला गेले होते. वंदना झाली, मग लोक तुझ्याबद्दल बोलायला उभे राहिले. "शैलाबाईंनी आयुष्यात कुणाला दुखावलं नाही," असं एकजण म्हणाले आणि मला बसल्या जागी राग आला. मला तू कितीदा दुखावलंस! तोंडावर, माझ्या डिग्रीसकट. साखर कारखान्यात बारा वर्षं आकडे बडवून आलेली बाई, आणि इंजिनीअर पोरीला म्हणायची, "मंजे, तुला पुस्तक येतंय, मशीन येत न्हाई." हे कुणी सांगितलं नाही. तुला नुसती गोड करून टाकली सगळ्यांनी.

दाराजवळ मेहबूबचाचा बसले होते. धुतलेली पांढरी टोपी, मांडीवर दोन्ही हात. तुझ्या फोटोकडे एकदा बघितलं आणि मग खालीच बघत राहिले. निघताना माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाले, "बाई, सांगलीची गाडी कितीला हाय?" मी वेळ सांगितली. यापलीकडे वीस महिन्यांत त्यांच्याशी मी धड दोन वाक्यं बोललेली नाही.

विट्याच्या रस्त्यावरच्या त्या हॅचरीत चाचांनी बावीस वर्षं अंडी उबवण्याच्या खोलीत काढली. आज ते फाटकावर स्टुलावर बसतात, आत येणाऱ्या गाड्यांच्या चाकांवर औषध फवारतात. ते तिथं बसलेत ते माझ्या दोन वाक्यांमुळे. पहिलं मी फोनवर बोलले, दुसरं मालकांसमोर. दोन्ही वेळा तू माझ्या शेजारी होतीस.

सुरुवातीला किती मिजास होती आपली! सांगलीत दोन खोल्यांचं ऑफिस, दोन खुर्च्या, आणि हॅचरीचं काम हे आपलं पहिलं मोठं काम. बारा मशीनमधल्या सेन्सरकडून दर पाच मिनिटांनी तापमान घ्यायचं, पडद्यावर दाखवायचं आणि आकडा हद्दीबाहेर गेला की भोंगा वाजवायचा. मी तो प्रोग्राम पर्ल या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला. का, तर नवी भाषा, झटपट काम, आणि कॉम्प्युटरच्या मेमरीतल्या जागेची चिंता नाही. तुला मी अगदी फळ्यापाशी उभी राहून शिकवलं होतं. "ताई, या भाषेत जागा मागावी लागत नाही, परत करावी लागत नाही. ती स्वतःच देते, स्वतःच घेते." तेव्हा मी तुला अहो-जाहो करायची. तू बेदाण्याची पुडी पुढं सरकवलीस आणि म्हणालीस, "फुकट देणारा कुणी असला की मला आदी भ्या वाटतं."

प्रोग्राम सात महिने निर्धोक चालला. सात महिने! त्यातली मेख आपल्या कुणाच्याच ध्यानात आली नाही. तिकडे दर बुधवारी सकाळी आठ ते चार लाईट जायची. अंड्यांची मशीनं जनरेटरवर चालायची, पण आपला कॉम्प्युटर साध्या लाईनवर होता, तो बंद पडायचा. मग बुधवारचे आठ तास चाचांचे. काचेचे थर्मामीटर घेऊन ते अर्ध्या-अर्ध्या तासाला बाराही मशीनं फिरायचे, आकडे वहीत लिहायचे, आणि गुरुवारी मला ऐकवायचे, "बाई, काल तुमचा भोंगा सुट्टीवर हुता, तर आमीच भोंगा झालो." मला ते झोंबायचं. आठवड्यातला एक दिवस म्हाताऱ्याचा का म्हणून?

जानेवारीत मी कॉम्प्युटर जनरेटरच्या लाईनवर घेतला, मध्ये बॅटरी बसवली. थर्मामीटर कपाटात ठेवायला लावले. खोलीचं दार सारखं उघडायचं नाही, ऊब जाते, असंही बजावून आले. ऑफिसच्या फळ्यावर खडूनं रोज एक आकडा वाढवत होते. न थांबता चाललेले दिवस. पहिला बुधवार गेला, भोंगा चालू. आठवा दिवस. नववा. दहाव्या दिवशी सकाळी मी दहाचा आकडा काढत होते आणि फोन वाजला.

"बाई, पडद्यावरचं घड्याळ हालंना झालंया. आठ-वीसला हुबंच हाय. बटान दाबून परत चालू करू का?"

ते स्पष्ट आणि नेमकं बोलले होते. याहून चांगली तक्रार मला आजवर कुणा शिकलेल्या माणसानंही सांगितलेली नाही. आणि मी काय म्हणाले? "अजिबात हात लावू नका. पडदा गोठला असेल, आतून चालू आहे. चालू द्या." माझ्या हातात खडू होता, ताई. मला फळ्यावरचे दहा दिवस पुसायचे नव्हते. एवढंच कारण होतं, दुसरं काहीही नव्हतं. तू शेजारच्या खुर्चीवर होतीस. मान वर केलीस, माझ्याकडे बघितलंस आणि पुन्हा कामाला लागलीस.

आतून काहीच चालू नव्हतं. साडेनऊच्या सुमाराला एका लाईनवरच्या तीन मशीनांचे पंखे बंद पडले. तापमान चढत गेलं, भोंगा वाजला नाही. बाराच्या आसपास चाचांनी सवयीनं एका मशीनच्या दारावर तळहात ठेवला आणि मग कुणाला न विचारता धडाधड दारं उघडली. तोवर दोन मशीनमधली अंडी गेली होती. अठराव्या दिवसाची, आत पिल्लू तयार झालेली. तिसरं मशीन वाचलं ते त्यांच्या तळहातामुळे. मालक आले तेव्हा चाचा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. रमजान चालू होता. पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही, आणि त्यात त्या तापलेल्या खोलीत एकट्यानं ती जड दारं ओढलेली.

आपण दोघी पोचलो तेव्हा खोलीत गेलेल्या अंड्यांचा वास भरला होता. मालकांनी मला विचारलं, "चाचा म्हणतोय, सकाळी तुमाला फोन केला हुता."

मी म्हणाले, "केला होता. पण तो प्रिंटरच्या कागदाबद्दल होता."

इतकं सहज निघालं तोंडातून, की मलाच खरं वाटलं. चाचांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नीट ऐकू आलं का याची खात्री करावी तसं. मग ते मालकांना म्हणाले, "मी झोपलो न्हवतो, मालक. फोन घड्याळाचाच हुता." आणि मालक, मोठ्या मनाचा आव आणून, "जाऊ दे रं चाचा. रोज्याचं दिवस, वय झालंय. लागला असंल डोळा," असं म्हणाले. कपाटातून रोजची वही काढली आणि त्या दिवसाच्या पानावर लाल पेनानं लिहिलं, 'मेहबूब – झोप'. त्यांच्या लेखी ती माफी होती. ज्याचा आयुष्यात एक रोजा चुकला नाही, त्याच्या रोज्यावरच खापर फुटलं. तू माझ्यामागं फाईल छातीशी धरून उभी होतीस. तूही बोलली नाहीस.

नवी अंडी बारा दिवसांनी लागणार होती. तोवर दोष सापडला नाही तर काम जाणार, काम गेलं की ऑफिस बंद, आणि मी साताऱ्याला परत, वडिलांच्या ओळखीनं कुठल्या तरी शाळेत. तुझं तर त्या पगारावर घर होतं. मी बॅटरीवर संशय घेतला. मग सेन्सरच्या कार्डावर. मग भाषेवरच. "या भाषेतच गळती आहे, माझ्यात नाही," असं ओरडून बोलले. तू तोवर शंभर पानी वही घेऊन बसली होतीस आणि दर अर्ध्या तासाला प्रोग्रामनं किती जागा व्यापली आहे तो आकडा उतरवत होतीस. मी हसले होते. कॉम्प्युटरच्या दुकानात बसून पेन्सिलनं आकडे!

तिसऱ्या दिवशी तू वही माझ्यापुढं टाकलीस. "ह्ये बघ. दर येळी सारकाच वाढतोय. बिगाड असता तर कमी-जास्त झाला असता. ह्ये कुणीतरी दर पाच मिंटाला काय तरी ठिवून जातंय, आन् न्यायला येत न्हाई."

मग तू एकेक भाग बंद करायला लावलास. भोंग्याचा भाग बंद केला, आकडा वाढतोच. छपाई बंद केली, वाढतोच. तापमानाच्या नोंदी बंद केल्या आणि आकडा जागच्या जागी थांबला. त्या दुपारी पहिल्यांदा आपण दोघी एकदम श्वास सोडून हसलो. मला तेव्हा कुठं एक शहाणपण सुचलं. सेन्सर काढून खोटे आकडे घालायचे आणि पाच मिनिटं थांबायचंच नाही, म्हणजे दहा दिवस अर्ध्या तासात सरतील. "आता कशी डिग्री कामाला आली," म्हणालीस. त्या आठवड्यात तुझ्याकडून मिळालेली ती एकच शाबासकी.

पण वर्म सापडलं ते तुझ्या वहीतच. हॅचरीचा दिवस सकाळी सहाला बदलायचा. सहा वाजले की कालच्या नोंदींची अख्खी यादी प्रोग्राम सोडून द्यायचा, म्हणजे सहानंतर आकडा खाली यायला हवा. तू चार सकाळींचे आकडे एकाखाली एक लिहिले होतेस. एकदाही खाली आला नव्हता. "काल गेला," तू म्हणालीस, "पण जागा सोडली न्हाई त्यानं."

मी प्रोग्राम छाटत छाटत अकरा ओळींवर आणला आणि बघत बसले. ही भाषा प्रत्येक वस्तूला किती जणांनी धरलंय ते मोजते. धरणारं कुणी उरलं नाही की ती जागा मोकळी करते. आणि मी काय केलं होतं? प्रत्येक नोंदीला तिच्या मागच्या नोंदीचा पत्ता दिला होता आणि पुढच्या नोंदीचाही. का, तर पडद्यावर बाणाची बटणं दाबून मागंपुढं जाता यावं. सात महिन्यांत ती बटणं हॅचरीत एकदाही कुणी दाबली नव्हती. यादी सुटली तरी आतल्या नोंदी एकमेकींना धरून बसलेल्या, म्हणून मोजणी कधी शून्यावर येतच नव्हती. दहाव्या दिवशी मेमरी भरली आणि प्रोग्राम जागच्या जागी थांबला. मी तुला हे समजावू लागले, तर तू मला मध्येच थांबवलंस.

"गाडीत रुमाल टाकतो तसंच की गं. तू माझ्यासाठी टाकला, मी तुझ्यासाठी टाकला, आन् दोघीबी खाली उतरून गेलो. रुमाल हाईत तवर जागा भरलेलीच. गाडी मोकळी, आन् बसाय जागा न्हाई."

तीन ओळींचं काम होतं. यादी सोडण्याआधी प्रत्येक नोंदीच्या हातातले दोन्ही पत्ते काढून घ्यायचे. त्या ओळी तूच टाईप केल्यास. आकडा सहाला खाली आला तेव्हा मी तुला मिठी मारली आणि त्या क्षणापासून अहो-जाहो संपलं. आपला प्रोग्राम सात महिने चांगला नव्हताच, चांगला होता तो बुधवार. लाईट जायची, सगळं बंद पडायचं, सगळे रुमाल आपोआप उचलले जायचे. मी तो बुधवार चाचांकडून काढून घेतला आणि वर त्यांनाच झोपाळू ठरवलं.

मालकांना आपण सांगितलं, की चूक प्रोग्रामची होती. मला वाटलं, सुटलो. चाचाही आपोआप सुटतील. मालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मशीनचं कळलं. पण माणूस कशाला ठिवलाय मग? त्यानं बघाय नगं?" नवी अंडी लागली, काम आपल्याकडे राहिलं, आणि चाचा फाटकावर गेले.

त्या दिवशी गाडीची वाट बघताना तू म्हणालीस, "मंजे, फोनचं सांगून टाक."

मी म्हणाले, "सांगते."

पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलंस. मी पुन्हा "सांगते." तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मात्र ऑफिसच्या व्हरांड्यात मी तुझ्यावर उलटले. खालच्या दुकानातले लोक वर बघत होते तरी थांबले नाही. "तू पण ऐकलं होतंस ना? मग त्या खोलीत का बोलली नाहीस? मला एकटीला का नाचवतेस?" तुझा चेहरा उतरला. तू हळू म्हणालीस, "मी तवाच बोलाय पायजे हुतं. ती माझी चूक, माझी मी बघीन. तुझं तू बघ."

आठ दिवस आपण बोललो नाही. दोन खोल्यांच्या ऑफिसात आठ दिवस न बोलता राहणं म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. चिठ्ठ्यांवर काम चाललं. नवव्या दिवशी माझ्या टेबलावर बेदाण्याची पुडी होती. मी बेदाणे खाल्ले आणि विषय मिटला असं धरून चालले. तू पुन्हा विचारलं नाहीस. मला वाटलं, विसरलीस. तू, जिला चार सकाळींचे आकडे पाठ होते!

आता कळतं की ती माझी सोय होती. आपण सांगितलं तर ताईचंही नाव येईल, तिलाही बोल लागेल, असं मी मनाशी म्हणायची. तुझ्या आड लपून मी वीस महिने काढले. तुझी चूक माझ्या हातात, माझी तुझ्या हातात, आणि चाचा फाटकावर. ते लक्षात यायला तुझी खुर्ची रिकामी व्हावी लागली, याची लाज वाटते.

मिरजेला दवाखान्यात तुला शेवटची भेटले तेव्हा डोळे पार पिवळे झाले होते तुझे. मी धास्तावून बसले होते, आता हिनं विचारलं तर काय सांगू. तू विचारलंस ते भलतंच. "बुधवारचं घातलंस का?" आपला तो दुसरा वाद. तुझं म्हणणं, दोष काढला तरी आठवड्यातनं एकदा प्रोग्राम आपणहून बंद करून चालू करावा, न दिसलेलं काही साठलं असेल तर निघून जाईल. माझं म्हणणं, नीट लिहिलेल्या प्रोग्रामला ते लांछन आहे. "नाही घातलं, आणि घालणार नाही," मी म्हणाले. तू हसलीस. खोकला येईपर्यंत हसलीस. दुसरी गोष्ट काढली नाहीस. काढली असतीस तर मी "सांगते" म्हणाले असते, हे तुला माहीत असणार.

खाली कुणीतरी चौकशीला आलंय. हल्ली जो तो दोन हजार सालात कॉम्प्युटर बंद पडणार का, हे विचारायला येतो. तीन महिने राहिलेत. कॉम्प्युटरचं सांगते मी सगळ्यांना. उद्याच्या अकराचं तेवढं मला कुणी सांगावं.

*

इथवर काल लिहिलं. आता दुपारचे चार वाजलेत.

मी गेले, ताई. फाटकावर चाचांनी दार उघडलं. मी थांबले आणि म्हणाले, "चाचा, आज सांगायला आलेय." त्यांनी औषधाचा पंप खाली ठेवला.

मालकांसमोर बसले नाही, उभ्यानंच सांगितलं. तो फोन प्रिंटरच्या कागदाचा नव्हता. घड्याळ थांबल्याचा होता. चाचांनी परत चालू करू का म्हणून विचारलं होतं आणि मी हात लावू नका म्हणाले. नंतर तुमच्याशी खोटं बोलले. चारच वाक्यं झाली. वीस महिने मी जे ओझं म्हणून वागवलं, ते सांगायला एक मिनिटही लागलं नाही.

मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वीस म्हैने?" एवढंच म्हणाले. मग फाटकावरनं चाचांना बोलावून घेतलं. चाचा उंबऱ्याशी चपला काढून उभे राहिले.

"चाचा, तुमी परत का बोलला न्हाईसा?"

"एकदा सांगितलं हुतं की, मालक. तेच परत काय सांगू?"

मालकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. म्हणाले, "उद्यापासनं आत या. तुमची खोली तुमी बघा."

"त्ये बघू. आदी वही काडा."

कोणती वही हे कुणी विचारलं नाही. कपाट उघडलं गेलं. चाचांनी ती हातात घेतली आणि पान शोधावं लागलं नाही त्यांना. लाल अक्षर तसंच होतं. मालकांनी पेन काढून त्यावर रेघ मारायला हात पुढं केला, तर चाचांनी वही मागं घेतली. "तुमी न्हवं. बाईनं लिवायचं."

मी लिहिलं. 'सकाळी नऊच्या सुमारास मेहबूब यांनी फोन करून घड्याळ थांबल्याचं कळवलं. हात लावू नका, असं मी सांगितलं. ते झोपले नव्हते.' खाली सही केली. मग पेन तसंच धरून राहिले. तू शेजारी होतीस हे लिहावं की नाही? तू गेलेली. तुझं नाव त्या पानावर घालायचं मला धैर्य होईना, आणि न घालणं म्हणजे पुन्हा अर्धंच सांगणं. मी चाचांकडे बघितलं. त्यांना विचारावंच लागलं नाही.

"तायचं नगं लिवू. तिनं माझ्यापाशी कवाच सांगितलंय. त्याच सालच्या उन्हाळ्यात. फाटकावर यून बसली आन् म्हनली, चाचा, मी ऐकलं हुतं आन् गप ऱ्हायले. मी म्हनलो, मग जा की, मालकाला सांग. तर म्हनली, मी सांगितलं तर पोरगी जल्मात सांगनार न्हाई. ती सांगंस्तवर थांबशीला का?" त्यांनी वही मिटली. "मी म्हनलो, थांबतो."

ताई, त्या क्षणी मला तुझा भयंकर राग आला. आधी राग आला, मग रडू. तुला काय अधिकार होता? ते वीस महिने त्यांचे होते. ऊन, औषधाचा वास, येणारे-जाणारे. ते तू माझ्यासाठी कसे मागितलेस? आणि त्यांनी कसे दिले? आणि मी दर महिन्याला त्याच फाटकातून मान वळवून आत जात होते. तू पंधरा मिनिटं मागं राहायचीस, आणि म्हातारीला गप्पा लागतात, असं मला वाटायचं. हा वाद आता मला एकटीलाच घालावा लागणार. तुझी बाजूही मीच मांडणार आणि दर वेळी हरणार.

मालक म्हणाले, पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस बघतो. बरोबरच आहे. मी वाद घातला नाही. जाण्याआधी मशीनच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरपाशी बसले आणि तुझा बुधवार घातला. दर बुधवारी सकाळी आठला प्रोग्राम आपणहून बंद होईल आणि परत चालू होईल. चाचांनी कपाटातले थर्मामीटर काढून फडक्यानं पुसायला घेतले होते. "बाई, मग त्या टायमाला मशीनं मी बघायची न्हवं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

परतीची गाडी भरत होती. मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, मग आत जाऊन खिडकीशी बसले. गाडी सुटायची वेळ झाली तरी रुमाल शेजारच्या जागेवर तसाच होता. तू गाडीत नेहमी उशिरा चढायचीस ना, मागं चाचांशी बोलत राहून. एक बाई पोराला काखेत घेऊन आली आणि म्हणाली, "कोण येनार हाय का हितं?"

मी रुमाल उचलला.